आधी कान, मग पेन

काल फोनवर तू म्हणालीस, "आप्पा, गोष्ट तयार आहे, आता फक्त संवाद पाडायचे बाकी." मी फोन ठेवला आणि तुझ्या आजीला म्हटलं, ही पोरगी माझ्याच खड्ड्यात पाय घालते आहे. खड्डा कुठे आहे हे त्यात पडलेल्यानेच सांगावं, म्हणून ही पानं लिहून पाठवतो. शाळेतल्या पोरांसाठी श्रुतिका करायची, पंधरा मिनिटांची, विषय आपली पीजे. विषयाला नाव ठेवायला जागा नाही. पाचोऱ्यात वाढलेल्याने पाचोरा-जामनेर गाडी सोडून दुसरं काही शोधावं कशाला?

आता माझा खड्डा ऐक. जळगावला आकाशवाणी आली १९७६ साली. मी तेव्हा नवा मास्तर, उत्साह उतू चाललेला. लहान मुलांसाठी नाटिका लिहिली, तिच्यात पीजे आणली. ध्वनिमुद्रण झालं, प्रसारणाच्या दिवशी शाळेच्या ऑफिसातला रेडिओ खिडकीत ठेवून वर्गच्या वर्ग अंगणात बसवला. पोरं हसली, टाळ्या पडल्या, मी खूष. दुसऱ्या दिवशी सहावीतला एक पोरगा टेबलाशी येऊन उभा राहिला. त्याचे वडील रेल्वेच्या फाटकावर होते. म्हणाला, "सर, ती शिट्टी पीजेची नव्हती. मोठ्या गाडीची होती." मी म्हटलं, बरं, पण गोष्ट कशी वाटली? तो खाली बघत म्हणाला, "शिट्टी झाल्यावर मी पुढचं ऐकलंच नाही."

चूक सर्वस्वी माझी होती. संहितेत मी नुसतं 'रेल्वेची शिट्टी' असं लिहून दिलं होतं. कोणती रेल्वे, किती लांबून, थांबताना की सुटताना, काही नाही. मीच ऐकली नव्हती, तर लिहिणार काय? त्या पोराने शिकवलेलं मी पुढे आयुष्यभर वापरलं. नाटिका मोठ्यांसाठी असेल तर एखादी चूक खपते, मोठी माणसं अर्धवट ऐकण्यात पटाईत असतात. पोर पूर्ण ऐकतं. आणि एकदा कानाला खोटं लागलं की ते भांडत नाही, नुसतं उठून जातं.

आवाजांची वही

म्हणून संवाद आत्ता बाजूला ठेव. शंभर पानी वही घे आणि आठ दिवस तिच्यात फक्त आवाज लिही. स्टेशनावर जा, बाजारात जा, हिवरा नदीच्या काठाने चाल. 'गाडीचा आवाज' असं लिहू नकोस. एक्स्प्रेस न थांबता जाते तेव्हा आधी रूळ बोलतात, मग पत्र्याचं छप्पर थरथरतं, मग वारा येतो, आणि गाडी गेल्यावर चहावाल्याच्या कपांची किणकिण ऐकू येते. असं लिही, क्रमाने. कापसाच्या दिवसांत एखाद्या जिनिंगच्या भिंतीशी उभी राहा. आतल्या यंत्राची घरघर ऐकता ऐकता बैलगाडीच्या चाकाची करकर कुठे संपते आणि माणसाचं ओरडणं कुठे सुरू होतं, ते टिप.

हे का, तर रेडिओवर ऐकणारा आंधळ्या कोशिंबिरीतल्या गड्यासारखा असतो. डोळ्यांवर पट्टी, कानांवर भरवसा. १९२४ सालच्या जानेवारीत बीबीसीवर रिचर्ड ह्यूजची 'डेंजर' ही श्रुतिका झाली. रेडिओसाठीच लिहिलेल्या अगदी पहिल्या नाटकांत तिची गणना होते. ह्यूजने जागा कोणती निवडली? कोळशाची खाण, आणि तिथले दिवे गेलेले. पात्रांनाही काही दिसत नाही, ऐकणाऱ्यालाही नाही, दोघं एकाच अंधारात. माध्यमाची उणीव त्याने गोष्टीच्या पोटात घातली. तुझ्या गोष्टीतही अशी एक जागा शोध, जिथे न दिसणं हीच गंमत असेल. गर्दीने भरलेला डबा, कंदील विझलेला, मांडीवर कुणाचं तरी गाठोडं आणि त्यात काहीतरी हलतंय. पोरं श्वास रोखून ऐकतील.

एक साल, एक ऋतू, एक रस्ता

'पूर्वीच्या काळी' या शब्दांनी सुरू होणारी नाटिका मी तपासायलाही घेत नाही. पूर्वी म्हणजे कधी? साल ठरव. तू म्हणतेस, शेंदुर्णीचा दहा वर्षांचा पोरगा एकटाच फैजपूरची काँग्रेस बघायला निघतो. छान. मग साल झालं १९३६, महिना डिसेंबर. खेड्यात भरलेलं काँग्रेसचं ते पहिलं अधिवेशन, अध्यक्ष जवाहरलाल नेहरू, मंडप बांबूंचा, नंदलाल बोसांनी रचलेला. साल ठरलं की अर्ध्या चुका आपोआप दाराबाहेर राहतात. उरलेल्या अर्ध्या अशा असतात:

तो पोरगा 'जळगाव जिल्हा' म्हणणार नाही. १९०६ मध्ये खानदेशाचे दोन भाग झाले, पूर्व आणि पश्चिम. आपण पूर्व खानदेशात होतो, जळगाव जिल्हा हे नाव महाराष्ट्र झाल्यावरचं.

मोठ्या लायनीला तो 'मध्य रेल्वे' म्हणणार नाही. ती १९५१ ची. त्याच्या तोंडी 'जीआयपी' येईल.

तिकिटाचे पैसे आण्यात मोज. रुपयाचे सोळा आणे, चौसष्ट पैसे. शंभर पैशांचा रुपया १ एप्रिल १९५७ पासूनचा. अंतर मैलांत सांग. पाचोरा ते जामनेर छप्पन्न किलोमीटर, म्हणजे त्याच्या हिशेबाने पस्तीस मैल.

पीजे १९१८-१९ च्या सुमारास सुरू झाली, रूळ अडीच फुटी. म्हणजे १९३६ मध्ये ती सतरा-अठरा वर्षांची आहे. पोराच्या बापाला गाडी नसलेला काळ आठवतो, पोराला आठवत नाही. हे दोघांच्या बोलण्यात दिसलं पाहिजे. बाप म्हणेल, "आम्ही बैलगाडीने जायचो." पोरगा म्हणेल, "आप्पा, तुम्ही दर वेळी हेच सांगता."

आणि ऋतू. डिसेंबरात बेडूक ओरडवू नकोस, कोकीळ गाववू नकोस. शेतकऱ्याचं पोर रेडिओसमोर बसून हसेल. डिसेंबरात कापसाची वेचणी असते, दादर ज्वारी उभी असते, रात्री शेकोटीत काटक्या तडतडतात, भरताची वांगी भाजली जातात आणि लाकडी भांड्यात ठेचली जातात. ते धपधप ठेचणं रेडिओवर किती छान लागतं, करून बघ.

रस्ताही कागदावर काढ. शेंदुर्णीहून वरखेडीवरून पाचोरा, तिथे गाडी बदलायची, मग परधाडे, माहेजी, म्हसावद, शिरसोली, जळगाव, भादली, भुसावळ, आणि पुढे. दुसऱ्या बाजूला पहूर आहे. अजिंठ्याची लेणी बघायला जाणारे पाहुणे पाचोऱ्याहून पीजेने पहूरला उतरायचे. तुझ्या पोराला पाचोऱ्याच्या फलाटावर असा एखादा साहेब भेटू दे, पहूरला जाणारा. दोघांना एकमेकांचं बोलणं कळत नाही आणि तरी दोघं शेंगा वाटून खातात. अशी पात्रं अभ्यासातूनच उगवतात, आकाशाकडे बघत बसून सुचत नाहीत.

तीन साक्षी

कुठलीही गोष्ट एकाच माणसाने सांगितली म्हणून नाटिकेत घालू नकोस. माझ्याकडे तीन साक्षी लागतात: कागद, माणूस आणि जागा. तिन्ही जुळले तर सोनं. दोन जुळले तरी चालेल. एकच असेल तर ती ओळ 'आमचे आजोबा सांगायचे' असं म्हणून पात्राच्या तोंडी घाल, निवेदकाच्या तोंडी नको.

कागदांमध्ये गॅझेटियर बघ, पण डोळे उघडे ठेवून. खानदेशाचं जुनं इंग्रजी गॅझेटियर १८८० चं. त्यात पीजे शोधत बसलीस तर सापडणार नाही, कारण तेव्हा ती नव्हतीच. त्यातून जत्रा, पिकं, बाजार, नद्या घे. रेल्वेसाठी रेल्वेचे कागद, त्या वर्षाची वेळापत्रकं, जुनी वर्तमानपत्रं. गावातल्या जुन्या वाचनालयात जा आणि ग्रंथपालाला खरं सांग की पोरांसाठी नाटिका करते आहे. 'संशोधन' म्हटलंस की माणसं अंग चोरतात, 'पोरांसाठी' म्हटलंस की स्वतः फडताळ उघडतात.

माणसांचं सांगतो. १९३६ बघितलेला आता शंभरीला टेकलेला असणार. म्हणजे तुला मिळेल ते बहुतेक ऐकीव, दुसऱ्या पिढीचं. त्याला नाव ठेवू नकोस, पण ते ऐकीव आहे हे वहीत लिहून ठेव. प्रश्न कसे विचारायचे ते नीट ऐक. "तेव्हा कसं वाटायचं?" असं विचारलंस तर उत्तर येतं, "लई मजा होती." संपलं. त्याऐवजी विचार: गाडी येते हे आधी कशावरून कळायचं? डब्यात बसायला फळी होती का, पाय कुठे ठेवायचे? पाऊस आला की खिडकीचं काय करायचे? कोण विकायला यायचं आणि काय ओरडायचं? छोटा प्रश्न विचारला की मोठं उत्तर मिळतं. आणि शेवटी प्रत्येकाला एकच विनंती कर: "जरा शिट्टी वाजवून दाखवा ना." याचं कारण मागाहून सांगतो.

जागेची साक्ष सगळ्यांत पक्की. शेंदुर्णीला जा, त्रिविक्रमाच्या मंदिरात बस, घंटेचा नाद किती वेळ टिकतो ते घड्याळ लावून मोज. मात्र एक धोका आहे. पीजेचे व्हिडिओ मोबाइलवर बघशील, ते शेवटच्या वर्षांतले असतील, डिझेलच्या इंजिनाचे. तो भोंगा १९३६ च्या गोष्टीत लावलास तर माझ्या खड्ड्याच्या तळाशी जाऊन बसशील. तुझ्या गोष्टीतलं इंजिन कोळशावर चालतं. ते धापा टाकतं, वाफ सोडतं, पाणी पितं.

पोराला कमी समजू नकोस

मुलांसाठी लिहायचं म्हणजे बोबडं लिहायचं, हा समज अजून गेलेला नाही. १९९१ ते १९९४ या काळात आकाशवाणीवरून माणसाच्या उत्क्रांतीवर १४४ भागांची मालिका झाली होती, शाळकरी पोरांसाठी, अठरा भाषांत, दर आठवड्याला. माकडापासून माणसापर्यंतचा सगळा पसारा. देशभरातल्या हजारो शाळा श्रोते म्हणून नावं नोंदवून बसल्या होत्या. पोरं अवघड ऐकतात. त्यांना ओबडधोबड मांडलेलं चालत नाही, इतकंच.

आधी वय ठरव. आठ ते बारा हे वय श्रुतिकेला उत्तम. या वयात पोराला तीन गोष्टी हव्या असतात. आपल्याच वयाचा कुणीतरी काहीतरी धाडस करतोय. मोठी माणसं कधी कधी चुकतात. आणि शेवटी जे सुटतं ते पोराच्या हाताने सुटतं, ऐनवेळी आलेल्या मामाच्या हाताने नव्हे. तुझ्या कच्च्या गोष्टीत शेवटी स्टेशनमास्तर येऊन पोराला गाडीत बसवून देतो म्हणालीस. तो काढ. पोरगाच काहीतरी युक्ती करू दे, आणि स्टेशनमास्तरने डोळेझाक करू दे.

उपदेशाचं एकच वाक्य ठेवायची परवानगी देतो. लिहून झाल्यावर तेही काढून बघ. न ठेवता चाललं तर काढलेलंच बरं.

चार गळे, पाच जागा

आता आखणी. पंधरा मिनिटांत चार गळे पुरेत, फार तर पाच. त्यातही एक जाडा, एक चिरका, एक म्हातारा आणि एक पोराचा असा फरक हवा. दोन पोरगे आणि दोघांचे आवाज सारखे, तर ऐकणारा तिसऱ्या मिनिटाला हरवतो. नावंसुद्धा कानाला वेगळी दे. रमेश, राजेश, राकेश असे तिघे एका डब्यात बसवलेस तर कोण पडला आणि कोण रडला हे कुणाला कळणार नाही. आपल्याकडची जुनी नावं घे ना. चिंधा, सुपडू, कौतिक, झिपरू. एकेक नाव म्हणजे एकेक ठसा. आणि पहिल्या दोन मिनिटांत प्रत्येकाला कुणीतरी नावाने हाक मारली पाहिजे.

जागा पाचच्या वर नकोत. घर, शेंदुर्णी स्टेशन, डबा, पाचोऱ्याचा फलाट, फैजपूरचा मंडप. बस. प्रत्येक जागेला एक कायमचा आवाज बांधून दे. घरात जातं, स्टेशनात घंटा, डब्यात चाकांचा ठेका, फलाटावर गर्दी, मंडपात वाऱ्यावर बांबू करकरणं. जागा बदलली हे निवेदकाने सांगायला नको, आवाजाने सांगावं.

वेळेचा माझा ठोकताळा असा: मिनिटाला शंभर ते एकशेवीस शब्द. आवाजांना, दम घ्यायला, सुरुवातीच्या आणि शेवटच्या सुरांना जागा सोडली की पंधरा मिनिटांना दीड हजार शब्द झाले. तू मला पाठवलेला आराखडाच नऊशे शब्दांचा आहे! तेव्हा आतापासूनच कातर हाताशी ठेव.

मालिका करायची असेल तर आधी दिनदर्शिका उघड. पुणे आकाशवाणीवर 'गीतरामायण' १ एप्रिल १९५५ ला, रामनवमीला सुरू झालं. आठवड्याला एक गाणं, पुढच्या रामनवमीपर्यंत. वर्षाचे आठवडे बावन्न, पण त्या साली अधिक महिना आला आणि गाणी छप्पन्न झाली. गदिमांची प्रतिभा आणि बाबूजींचे सूर आपल्याकडे नाहीत, पण पंचांग तर आहे? चाचणी परीक्षा, दिवाळीची सुट्टी, कापसाच्या वेचणीला पोरांचं शाळा बुडवणं, सगळं मांडून बघ. पाऊस हवा असेल तर तो जुलैतच टेपून ठेव, नाटिका नोव्हेंबरात असली तरी.

डोळ्यांचं काम तोंडाला देऊ नकोस

नवखा लेखक रेडिओसाठी लिहितो तेव्हा पात्रं रनिंग कॉमेंट्री करू लागतात. माझ्या जुन्या वहीतला नमुना, लाज बाजूला ठेवून देतो: "अरे सुपडू, ती बघ, हिरवं लुगडं नेसलेली म्हातारी डोक्यावर टोपली घेऊन धावत आपल्या डब्याकडे येत आहे!" जगात कुठला पोरगा असं बोलतो? तोच प्रसंग नंतर मी असा लिहिला:

(गाडी सुटते. लांबून, धापा टाकत)
म्हातारी : थांबव रे... थांबव गाडी...
चिंधा : माय, टोपली दे आधी! आता हात दे, हात!
(ओढाताण. धप्पकन बसल्याचा आवाज)
म्हातारी : टोपली नीट धर रे भो. अंडी आहेत.
चिंधा : (हळूच) किती होती?
म्हातारी : होती? होती म्हणजे काय?

लुगड्याचा रंग गेला, काही बिघडलं नाही. ज्याच्या त्याच्या मनातली म्हातारी ज्याच्या त्याच्या आजीचं लुगडं नेसेल.

बोली नायकाच्या तोंडी दे

पाचोऱ्याच्या एका अंगाला अहिराणी, जामनेरकडे जावं तशी तावडी. पोरं घरात ती बोलतात आणि शाळेच्या दारात चपलांबरोबर काढून ठेवतात. तू तीच चूक करू नकोस. आणि दुसरी चूक याहून वाईट: नायक शुद्ध पुस्तकी बोलतो आणि बोलीत बोलतो तो गडी, चोर नाहीतर विदूषक. ऐकणारं पोर त्यातून काय शिकतं? की आपली आई ज्या भाषेत बोलते ती हसण्यासारखी आहे. बहिणाबाई याच मातीतल्या, आसोद्याच्या, आणि त्यांच्या बोलीपुढे सगळा महाराष्ट्र नमतो. तेव्हा चिंधाला त्याच्या घरची बोली बोलू दे, निवेदन साधं ठेव. बोली लिहिताना स्वतःच्या कानावर विसंबू नकोस. त्या गावच्या बाईकडून ओळ न् ओळ वाचून घे. ती जिथे हसेल तिथे तू चुकलीस असं समज.

भीती आणि ताजी जखम

पोरांना भीती आवडते. दाखव, पण त्यांचा हात सोडू नकोस. घाबरवणाऱ्या प्रसंगानंतर मिनिटाभरात ओळखीचा एखादा आवाज आला पाहिजे. आणि खऱ्या बातमीचं सोंग घेऊ नकोस. १९३८ च्या ऑक्टोबरात अमेरिकेत ऑर्सन वेल्सने मंगळावरून स्वारी आल्याचं नाटक बातमीपत्राच्या थाटात केलं आणि काही श्रोत्यांना ते खरंच वाटलं. किती लोक घाबरले याची वर्णनं वर्तमानपत्रांनी फुगवली हे खरं, पण धडा फुगवलेला नाही. रेडिओतून आलेला आवाज खरा मानायची माणसाला सवय असते.

तू विचारलंस, अफवेवर दुसरी नाटिका करू का? कर. पण २२ जानेवारी २०२५ विसरू नकोस. परधाड्याजवळ पुष्पक एक्स्प्रेसमध्ये आग लागल्याची आवई उठली, माणसं खाली उतरली आणि शेजारच्या रुळावरून आलेल्या कर्नाटक एक्स्प्रेसखाली सापडली. हे आपल्या अंगणातलं आहे. ज्यांनी ते बघितलं, धावून गेले, त्यांची पोरं तुझ्याच शाळांत आहेत. अशा ताज्या जखमेवर नाटक बांधायचं नसतं. अफवेची गोष्ट सांगायची तर जत्रेतली सांग, शाळेतली सांग, लहानशी सांग. ज्याला जे कळायचं ते कळेल. आणि त्या नाटिकेत किंकाळी आणि ब्रेकचा आवाज, दोन्ही एकत्र वापरू नकोस. एवढं माझं ऐक.

सूप, पत्रा, करवंटी

आता मोबाइलवर हजार आवाज फुकट मिळतात. मिळू देत. पण त्यातला पाऊस कुठल्यातरी दुसऱ्या देशात पडलेला असतो आणि त्यात आपल्याकडे नसलेले पक्षी असतात. घरचे आवाज घरी कर. सुपात मूठभर दादर घेऊन गोल फिरव, पाऊस पडतो. पातळ पत्रा दोन टोकांनी धरून हलव, गडगडाट होतो. नारळाच्या दोन करवंट्या वाळूवर आपट, घोडा चालतो. फरशीवर आपटल्यास तर घोडा शहरात शिरतो. वेष्टनाचा चुरचुरीत कागद कानाशी हळूहळू चुरगळ, शेकोटी पेटते.

पीजेचा ठेका मी तेलाच्या रिकाम्या डब्यावर आणि पाटावर बसवला होता, तुझ्या आजीचा ओरडा खात. मोठ्या गाडीसारखा घाईचा ठेका धरू नकोस. पीजे सावकाश चालायची, दोन खटक्यांच्या मध्ये एक बारीक शब्द बसेल एवढी जागा असायची. त्या जागेत पोरांना स्वतःचे शब्द घालायला सांग. दहा मिनिटांत गाणं तयार होतं, आणि ते तुझ्या नाटिकेचं शीर्षकगीत. कुणाचं सिनेमातलं गाणं उचलायला नको, परवानग्या मागत फिरायला नको.

शांतता हाही आवाज आहे, पण महागडा. चार सेकंदांच्या वर काही ऐकू आलं नाही की लोक रेडिओला थापटतात. म्हणून शांततेच्या आधी काहीतरी चालू असू दे, ते थांबलं हे कळलं पाहिजे. जातं फिरता फिरता थांबलं, की घरातल्या सगळ्यांनी कान टवकारलेच.

पडद्याआडची परीक्षा

पहिला खर्डा झाला की पाचवीच्या वर्गात जा, फळ्यासमोर चादर टांग आणि तिच्यामागे बसून चौघांनी वाच. एकाला वर्गात मागे बसव. पोरं चपलेचा अंगठा कुरतडायला लागली, शेजाऱ्याला कोपर मारायला लागली, की त्याने त्या ओळीला खूण करायची. वाचन संपल्यावर "आवडलं का?" असं विचारू नकोस, बाईंसमोर पोरांना सगळं आवडतंच. विचार: म्हातारी कुठे बसली होती? डब्यात किती जण होते? टोपलीचं पुढे काय झालं? चुकीचं उत्तर आलं तर चूक पोराची नाही, पानाची.

ध्वनिमुद्रणाच्या दिवशी संहितेची पानं टाचू नकोस, सुटी ठेव आणि एकाच बाजूला लिही. पान उलटल्याची सळसळ माइकला पावसासारखी ऐकू येते. काचेच्या बांगड्या घरी ठेव. पोरांना पोटभर खाऊ घालून ने, उपाशी पोट माइकला फार मोठ्याने बोलतं. पाठ करून घेऊ नकोस, वाचू दे, पण एकमेकांकडे बघून. चुकलं तर ओरडू नकोस. "गाडी पुन्हा मागे घे," एवढंच म्हण.

आता ती शिट्टी

त्या सहावीतल्या पोराकडे परत येतो. दुसरी नाटिका लिहिली तेव्हा मी आधी त्याच्याकडे गेलो. म्हटलं, दाखव, पीजे कशी ओरडते. त्याने दोन्ही तळव्यांची पोकळी केली, अंगठ्यांच्या फटीत ओठ लावले आणि फुंकलं. बारीक, जराशी चिरकी, शेवटी खाली घसरणारी. वर्गातले जामनेरकडचे दोन पोरगे एकदम म्हणाले, "आली!" ध्वनिमुद्रणाला त्याला सोबत नेला. नाटिकेत ऐकू गेली ती शिट्टी त्या फाटकवाल्याच्या पोराची होती, आणि त्या खेपेला कुणी माझ्या टेबलाशी आलं नाही.

२०२० च्या टाळेबंदीत पीजे थांबली ती थांबलीच. आता तिथे मोठ्या रुळांची बोलणी चालतात. तुझ्या वर्गातल्या पोरांनी ती ऐकलेलीच नाही. आज ती शिट्टी म्हाताऱ्यांच्या गळ्यात तेवढी उरली आहे, आणि प्रत्येकाच्या गळ्यात जरा वेगळी. म्हणून म्हटलं, प्रत्येकाला शिट्टी वाजवायला सांग. दहा जणांच्या शिट्ट्या टेपून घे, एकापाठोपाठ एक ऐक. ज्यात त्या जुळतील ती धर.

मग पहिलं पान काढ आणि वर लिही: 'पहाट. जातं थांबतं. तीन सेकंद शांतता. लांबून, पहूरच्या बाजूने, पीजेची शिट्टी.' हे लिहून झालं की संवाद पाड.

आणि रविवारी येशील तेव्हा सूप घेऊन ये. इथलं फाटलं आहे.